सासूबाईंच्या मानेवर चामखिळी, मुलाच्या बोटावर मस. एकमेकांपासून लागलं असेल का?

शिरोळची_सून

नमस्कार. जरा लांबलचक आहे, पण घरात प्रत्येकजण वेगळंच सांगतोय म्हणून इथे विचारते.

सासूबाई ५८ वर्षांच्या. मानेवर दोन्ही बाजूंनी बारीक चामखिळी आहेत, जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या, काही देठावर लोंबणाऱ्या. पूर्वी दोन-तीनच होत्या, आता मोजायचं सोडून दिलंय. मंगळसूत्र त्यात अडकतं. परवा आंघोळीनंतर मंगळसूत्र सारखं करताना एक ओढली गेली आणि पदराला रक्त लागलं. तेव्हापासून त्यांनी काढायचंच मनावर घेतलंय. बाजाराच्या दिवशी एक माणूस बसतो, काडीने पांढरं औषध लावतो आणि नगावर पैसे घेतो. सासरे म्हणतात औषधबिवषध काही नको, घोड्याचा केस बांधा, आठवड्यात गळून पडते. केस आणायचा कुठून, तर वरातीच्या घोडेवाल्याकडून, हेही त्यांचं ठरलेलं आहे.

दुसरं मुलाचं. पाचवीत आहे. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, नखाला लागूनच खरखरीत उंचवटा आलाय. आधी एकच होता, आता शेजारी दोन बारके आलेत. आत काळे ठिपके दिसतात. अभ्यासाला बसला की दातांनी कुरतडतो, सांगून काही उपयोग नाही. मला पहिली शंका आली ती टॉवेलची, कारण आजी आणि नातू एकच वापरायचे. मी गुपचूप त्याचा वेगळा केला. ते सासूबाईंच्या लक्षात आलं आणि "माझं काय महारोग आहे का" म्हणून माझ्याशी बोलणं बंद.

तिसरं नवऱ्याचं, त्यांना न विचारता लिहितेय. डाव्या गालाच्या आतून, दात मिटतात त्या रेषेवर एक गुळगुळीत गाठ आहे. दिवाळीपासून तरी आहेच. दुखत नाही म्हणून सोडून दिलंय. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी असते आणि तोंडात सुपारी-तंबाखूचा मावा असतो. मी म्हटलं दाखवा, तर म्हणे चुन्यानं पोळलं असेल.

हे तिन्ही एकच आहे का? आणि कोणाला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

---

पाटलाचं_पोर

वहिनी, एवढं काय मनाला लावून घ्यायलाय. खायचा चुना आणि धुण्याचा सोडा, दोन्ही चिमूटभर, पाण्याचे दोन थेंब, आणि काडीनं बरोब्बर टोकावर. माझ्या खांद्यावरची दोन दिवसांत काळी पडून गेली. आग लई होती, पण तेवढं सोसायचं. आमच्यात सगळे असंच करतात. डॉक्टर तेच करणार मशीननं आणि बिल लावणार.

---

डोंबिवलीची_वैशाली

पाटील, तुमची गेली, चांगलं झालं. माझ्या छातीवरची एक चामखीळ अशीच घरी जाळली होती, मावशीच्या सांगण्यावरून. चामखीळ होती मुगाएवढी. आता तिथे बोटाच्या पेरापेक्षा मोठा, चकचकीत, वर आलेला व्रण आहे. उन्हाळ्यात खाजतो आणि ब्लाउजच्या कडेला घासतो. त्याला केलॉइड म्हणतात. डॉक्टर व्रणात इंजेक्शन देतात, तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं. छाती, खांदे आणि कानाच्या पाळीवर हे जास्त होतं असं सांगितलं. कोणाच्या घरात असे वर आलेले व्रण असतील तर त्यांनी तर हे करूच नये.

---

निवृत्त_सिस्टर

सूनबाई, टॉवेल वेगळा केलात ते योग्यच, फक्त संशय चुकीच्या माणसावर घेतलात. सासूबाईंपासून मुलाला काहीही लागलेलं नाही. लागलंच तर मुलापासून त्यांना लागेल. हे त्यांना वाचून दाखवा म्हणजे बोलणं सुरू होईल.

मी सरकारी रुग्णालयात होते, त्यातली बरीच वर्षं त्वचेच्या ओपीडीत. डॉक्टर नाही, त्यामुळे न बघता निदान करणार नाही. कॉटरीच्या, म्हणजे विजेच्या सुईने जाळून काढायच्या खोलीत ट्रे लावताना जे डोळ्यांखालून गेलं तेवढं सांगते.

मानेवरची मऊ, देठाची, ओढली की लांबणारी चामखीळ म्हणजे कातडीचीच जादा वाढ. आत थोडे तंतू, थोडी चरबी आणि एक बारीक रक्तवाहिनी. म्हणूनच ओढली तर रक्त येतं. डॉक्टर तिला स्किन टॅग म्हणतात. ती विषाणूने होत नाही, टॉवेलाने पसरत नाही, आणि तिचा कॅन्सर होतो ही भीतीही मनातून काढा. मान, काख, जांघ, छातीखाली, पापणीवर, जिथे कातडीला कातडी किंवा दागिना घासतो तिथे येते. वजन वाढलं की येते, गरोदरपणात येते, आणि साखर बिघडलेल्यांना जास्त येते.

यातलं शेवटचं महत्त्वाचं. सासूबाईंना उजेडात बसवा, केस वर घ्या आणि मान मागून बघा. वळ्यांमधली कातडी काळपट, जाडसर दिसते का? हात फिरवला तर मखमली लागते का? बायका तो मळ समजतात. वजरीने घासून सोलून काढलेल्या माना मी पाहिल्या आहेत. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन सतत चढं राहिलं की कातडीच्या पेशी जोरात वाढू लागतात, त्यातून तो काळेपणा येतो, आणि बऱ्याचदा त्याच माणसाला या चामखिळीही येतात. तेव्हा आधी साखर तपासा, चामखिळी कुठे पळून जात नाहीत. उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी. शेवटचा आकडा ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा वर असेल तर मधुमेह, मधला असेल तर काठावर. जखम कशी भरेल तेही याच्यावरच आहे.

आता बाजारातलं पांढरं औषध. पाटलांनी कृती दिलीच आहे, मी त्यातलं रसायन सांगते. चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवला की कॉस्टिक सोडा तयार होतो. ज्याने तुंबलेली मोरी मोकळी करतात तोच. आम्लाने कातडी भाजली तर वर खपली धरते आणि आम्ल बरंचसं तिथेच अडतं. क्षाराचं तसं नसतं. तो चरबीचा साबण करत करत खाली उतरत राहतो. चामखीळ एक मिलिमीटरवर संपली हे त्याला कसं कळणार? एका बाईने जत्रेत असा लेप लावून घेतला होता. आमच्याकडे आली तेव्हा मानेवर दहाच्या नाण्याएवढा खड्डा, काठ काळे, तळ पिवळा. मी ड्रेसिंग करतेय आणि ती विचारतेय, "पण सिस्टर, चामखीळ गेली ना?" गेली होती.

सासऱ्यांचा घोड्याचा केस अगदीच खुळचट नाही. देठ आवळला की रक्त बंद होतं, वरचा भाग काळा पडतो आणि गळतो. दवाखान्यातही बारीक देठाला दोरा बांधतात, नाहीतर सरळ कात्रीने कापतात. पण घोड्याच्या शेपटीला लीद लागलेली असते आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. त्यात साखर वाढलेली असेल तर एवढ्याशा जखमेत पू धरतो. घोडेवाल्याला वरातीपुरताच ठेवा.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. आपण काय बांधतोय, काय जाळतोय हे माहीत नसतं. एक आजोबा टाचेवरचा काळा "मस" ब्लेडने तासून यायचे. तो मस नव्हता, कातडीचा कॅन्सर होता. एखादा तीळ वाढतोय, एका बाजूला पसरतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग दोन-तीन छटांचा आहे, ६ मिलिमीटरच्या पुढे गेलाय, आपोआप रक्त येतंय, तर त्याला घरी हातही लावू नका. आपल्या सावळ्या लोकांत तळपाय, तळहात आणि नखाखालची काळी रेघ यांवर खास नजर हवी. तिथे कोणी बघत नाही.

मुलाचं आणि नवऱ्याचं रात्री लिहिते, नात आली आहे.

---

निवृत्त_सिस्टर

हं, पुढे.

मुलाचं तुम्ही सांगताय तसं असेल तर तो विषाणूचा मस, म्हणजे वॉर्ट. खरखरीत, कडक, आत काळे ठिपके. लोक त्याला "मुळं" म्हणतात आणि सुईने उकरायला जातात. ती मुळं नव्हेत, बारीक केशवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं. उकरलं की रक्त येतं आणि विषाणू शेजारी सांडतो.

विषाणू शिरतो तो कातडीतल्या बारीकशा चिरेतून. नखं खाणाऱ्या पोरांना नखाभोवतीच मस येतात ते याचमुळे. कुरतडत राहिला तर उद्या ओठावरही येईल. लागण झाल्यावर मस दिसायला महिने जातात, त्यामुळे कुठून आला याचा तपास करत बसू नका. शाळा, क्रिकेटची बॅट, काहीही असेल.

मुलांच्या मसाला घाई करायची नसते. औषध न करताही तीनातल्या दोन मुलांचे मस साधारण दोन वर्षांत आपले आपण जातात. शरीराला विषाणूचा पत्ता लागला की एक दिवस सगळे एकदम सुकायला लागतात. पण पसरतायत, पोरगा चावतोय, तर उपचार करा. डॉक्टर बहुतेक सॅलिसिलिक आम्लाचं द्रावण देतील, १७ टक्क्यांचं. त्याचा गुण औषधापेक्षा लावण्याच्या पद्धतीवर आहे. रात्री बोट कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवायचं. वरचा पांढरा पडलेला थर नखाच्या कानशीने हलकेच घासायचा, रक्त येईपर्यंत नाही. ती कानस दुसऱ्या कुणी, दुसऱ्या बोटालाही वापरायची नाही. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावायचं, मग फक्त मसावर एक थेंब, सुकू द्यायचा, वर चिकटपट्टी. रोज. बारा आठवडे लागू शकतात. लोक पंधरवड्यात कंटाळतात आणि औषध फसवं म्हणून सांगत सुटतात.

द्रव नायट्रोजनने गोठवतातही, त्याचं तापमान उणे १९६ अंश. पाचवीतलं पोर पहिल्या वेळी बसतं, दुसऱ्या वेळी खोलीच्या दारातूनच रडत परत जातं. आणि नखाच्या मुळाशी कोणी कॉटरी करायला निघालं तर दहा प्रश्न विचारा, नख कायमचं वाकडं येऊ शकतं.

एक लक्षात ठेवा, हे औषध चेहऱ्याला, जननेंद्रियांना किंवा सासूबाईंच्या मानेला लावायचं नाही. घरात बाटली आली की सगळे आपापला तीळ घेऊन रांगेत उभे राहतात.

आता यजमान. गालाच्या आत, दातांच्या रेषेवर, गुळगुळीत, गालाच्याच रंगाची, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा चावून चावून आलेली असते. गाल एकदा दाताखाली आला की सुजतो, सुजला की पुन्हा पुन्हा दाताखाली येतो, आणि तिथे तंतूंची गाठ बसते. फायब्रोमा. खालच्या ओठाच्या आत निळसर, पाणी भरल्यागत फोड येतो तो लाळेच्या नळीचा, तोही निरुपद्रवी. टाळूच्या मधोमध हाडासारखा टणक उंचवटा तर कित्येकांना जन्मभर असतो, आणि एक दिवस जीभ लागली की घाबरून पळत येतात.

पण मावा खाणाऱ्या माणसाला मी हे "बहुतेक वेळा" सांगणार नाही. दिवाळीपासून आहे म्हणजे पुरेसा काळ झाला. तोंडातली कुठलीही गाठ, चट्टा, व्रण दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचा असा साधा नियम आहे. आरशासमोर तीन गोष्टी बघायला सांगा. पुसून न निघणारा पांढरा चट्टा आहे का, लाल मखमली डाग आहे का, आणि स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, पुढच्या दातांमध्ये बसतात का. तिसरं जमलं नाही तर सुपारीने गाल आतून आखडायला लागलेत. दंतवैद्याकडे न्या, तोंडाच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर असतील तर उत्तम. गाठ काढली तर तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासायला गेलाच पाहिजे. "साधीच दिसते, कशाला खर्च" असं कोणी म्हटलं तरी पाठवा.

---

शिरोळची_सून

सिस्टर, खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. "बघ, मी सांगत होते" एवढं म्हणाल्या आणि चहा टाकला.

पण तुम्ही विषाणू म्हणालात म्हणून मी शोधलं, तर त्याचं नाव एचपीव्ही निघालं, आणि ते शब्द टाकल्यावर पुढे सगळं गर्भाशयाच्या कॅन्सरचंच येतं. मला रात्रभर झोप नाही. मुलाला कॅन्सरचा विषाणू आहे का? आणि मुलींना हल्ली इंजेक्शन देतात ते याला दिलं तर मस जातील का?

---

पीजी_चालू_आहे

ताई, झोपा. एचपीव्ही हा एक विषाणू नाही, मोठं घराणं आहे, २०० हून जास्त प्रकार. हातापायांच्या मसांना बहुतेक १, २, ४, २७, ५७ हे प्रकार कारण असतात. ते कातडीपुरतेच राहतात आणि गर्भाशयमुखाशी त्यांचा संबंध नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः १६ आणि १८ कारणीभूत. हे शोधून दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. तिसरी जोडी ६ आणि ११ ची. ती जननेंद्रियांवरचे मस करते आणि क्वचित लहान मुलांच्या स्वरयंत्रावर गाठी आणते. त्या कॅन्सरच्या नसतात, पण श्वासाची वाट अडवतात आणि काढल्या तरी पुन्हा येतात. एखाद्या लहान मुलाचा आवाज सर्दी नसताना महिनोन्महिने घोगरा असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेतात ते हेही बघायला.

लसीबद्दल: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. बोटावरचे प्रकार त्यात नाहीत. म्हणजे मस घालवायला लस नको. पण ९ ते १४ वयाची मुलगी घरात किंवा नात्यात असेल तर तिला जरूर द्या, त्या वयात दोन डोस पुरतात. मुलांनाही चालते.

एक गंमत. मस विषाणूने होतो हे १९०७ मध्येच इटलीच्या चुफो नावाच्या डॉक्टरने दाखवलं होतं. मस वाटून, जिवाणू आणि पेशी अडतील अशा बारीक गाळणीतून गाळला, आणि त्या पाण्यानेही मस आला.

---

होमिओप्रेमी_नाशिक

एवढं जाळणं-गोठवणं कशाला? होमिओपॅथीच्या गोळ्या, थुजा २००. माझ्या दोन्ही पुतण्यांचे मस तीन महिन्यांत साफ. एकही डाग नाही. अनुभव बोलतोय.

---

निवृत्त_सिस्टर

नाशिककर, पुतण्यांचे मस गेले याचा आनंद आहे. वर लिहिलंय ते पुन्हा लिहिते, मुलांचे मस आपोआप जातात. जाताना जे औषध चालू असेल त्याला मान मिळतो. थुजा चालू असेल तर थुजाला, आजीने वांगं फिरवून पुरलं असेल तर वांग्याला. आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधांपैकी काहींचं यशही यातलंच असणार, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायची.

तुमच्या गोळ्यांनी मुलाचं नुकसान नाही, म्हणून मी भांडणार नाही. पण सूनबाईंच्या यजमानांनी गालातल्या गाठीला थुजा घेत सहा महिने काढले तर मात्र भांडेन.

---

शिरोळची_सून

सगळ्यांना कळवते म्हटलं.

सासूबाईंचा एचबीए१सी ७.४ निघाला. घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना स्वतःला आठवतंय ते एवढंच की पायाची जखम भरायला वेळ लागला होता आणि रात्री पाणी प्यायला उठावं लागतं, ते त्या वयावर ढकलत होत्या. मान तुम्ही सांगितली तशीच होती, काळी आणि जाड. मी रोज बघत होते.

गोळी सुरू झाली. त्वचेच्या डॉक्टरांनी साखर जरा ताळ्यावर आल्यावर बोलावलं आणि मग कॉटरी केली. आधी बधिर करायचं मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळून तासभर बसवलं. गळ्याला प्लास्टिक लावून बाहेरच्या बाकावर बसायची त्यांना इतकी लाज वाटली की पदर डोक्यावरून घेऊन बसल्या. आत गेल्यावर दहा मिनिटांत काम झालं. मी दाराशी होते, केस जळाल्याचा वास आला, बस्स. मोठ्या देठाची एक कापून वेगळी बाटलीत दिली, रिपोर्ट साधा आला. गालावर काळे बारीक ठिपके होते, ते वेगळे आहेत म्हणाले, वयाबरोबर येतात आणि घराण्यात असतात, त्रास नसेल तर राहू द्या. सासूबाईंनी राहू दिले. नव्या चामखिळी येऊ शकतात हे स्पष्ट सांगितलं, वजन आणि साखर उतरली तर कमी येतील. मंगळसूत्राला सध्या काळा दोरा केलाय, पोत कपाटात.

मुलाचं औषध चालू आहे. कानशीवर त्याने स्वतःचं नाव लिहिलंय. चावणं थांबलेलं नाही, पण चिकटपट्टीमुळे दाताला चव लागत नाही म्हणतो.

यजमानांची तीन बोटं बसली नाहीत. दोनच बसली. त्यांनीच आरशासमोर करून बघितलं, मग काही न बोलता दंतवैद्याची वेळ घेतली. गाठ काढली, तिचा रिपोर्ट फायब्रोमाच आला. पण गाल आखडायला लागलाय तो सुपारीने, आणि तो मोकळा होणारा नाही, फक्त वाढायचा थांबवता येतो असं सांगितलंय. दातांत लाकडी पट्ट्या धरून तोंड उघडायचा व्यायाम दिलाय. मावा बंद आहे म्हणतात. खिसे मी बघते.

---

पाटलाचं_पोर

वहिनी, बरं झालं सगळं. सिस्टर, एक विचारू का, हसू नका. आमच्या म्हशीच्या सडावर असेच मस आलेत, दोन सडांवर. धार काढताना ती लाथ मारायलीय. धार आईच काढते. आईच्या हाताला येतील का? परवाच तिच्या बोटावर लाल गाठ आलीय, म्हणून विचारतोय. चुना-सोडा लावला नाही अजून.

---

निवृत्त_सिस्टर

हसत नाही, आमच्या ओपीडीत हा प्रश्न पावसाळ्यात हमखास यायचा. म्हशीला येतात ते मसच, तोही पॅपिलोमाचाच विषाणू, पण गुरांचा वेगळा. तो माणसाच्या हाताला मस आणत नाही. एका जनावरापासून दुसऱ्याला मात्र धार काढणाऱ्याच्या हाताने जातो, म्हणून मस असलेल्या म्हशीची धार सगळ्यात शेवटी काढायची आणि हात साबणाने धुवायचे.

आईच्या बोटावरची लाल गाठ वेगळी असू शकते. सडावर फोड-खपल्या करणारा देवीच्या कुळातला एक विषाणू असतो, त्याने धार काढणाऱ्यांच्या बोटांवर लाल-जांभळी, मध्ये खोलगट गाठ येते. मिल्कर्स नोड्यूल. दिसायला भयंकर, पण महिना-दीड महिन्यात आपोआप बसते. मी एक सोडून सगळ्या बसलेल्या पाहिल्या, आणि जी बसली नाही तिच्यात बाभळीचा काटा निघाला. तेव्हा आईला दाखवून घ्या, फोड फोडू नका, तोवर धार तुम्ही काढा.

सडाला काय लावायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. चुना-सोडा तिथे लावलात तर यावेळी लाथ तुम्हाला बसेल आणि मी म्हशीच्या बाजूने असेन.